रुग्णाच्या घरापर्यंतचा रस्ता

सड्यावरची | रविवार, रात्री १०:२५

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते आहे, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसले.

एमबीबीएसनंतरच्या बंधपत्राच्या सेवेसाठी मी गुहागर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. नेमणूक एका वर्षाची होती. दुसरं वर्ष मी स्वतः मागून घेतलं आणि तेही पुढच्या महिन्यात संपतंय. हा तालुका ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची, पश्चिमेला समुद्र. दाभोळला जायचं तर धोपाव्याला फेरीबोट धरायची, जयगडला जायचं तर तवसाळला. नाहीतर सगळा लांबचा वळसा. खाडीपलीकडचे दिवे दिसत असतात, पण रात्री तिथं पोचायचं तर घड्याळ बघावं लागतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर, गवतकापणीच्या दिवसांत, रात्री आठच्या सुमारास एका माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गवत कापताना उजव्या हाताच्या बोटाला फुरसं हा विषारी साप चावला होता. हात मनगटापर्यंत सुजलेला. फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला आमच्याकडे मोठं यंत्र लागत नाही. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग हळूच आडवी करायची. रक्त वाहिलं, तर विष चढलंय.

ती वीस मिनिटं त्याची बायको, भाऊ, सिस्टर आणि मी असे चौघं त्या नळीकडे बघत बसलो होतो. तो मात्र मला सारखं एकच विचारत होता, "बाय, बोटं वळतील ना?" मी म्हणत होते, काका, आधी जीव महत्त्वाचा. तो मान हलवायचा आणि जरा वेळानं परत तेच विचारायचा. मला वाटलं, भीतीनं माणूस काहीतरी धरून बसतो, तसंच हे.

नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

प्रतिविषाच्या दहा कुप्या. एकेक कुपी विरघळवायची, जोरात हलवायची नाही, कारण फेस होतो. सलाईनमधून तासाभरात द्यायची. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनालिन भरून हाताशी. पहाटे तीनला, म्हणजे सहा तासांनी, पुन्हा तीच नळी. या वेळी रक्त गोठलं. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. माझ्या दृष्टीनं केस पूर्ण झाली.

दीड महिन्यानं तापाच्या सर्वेक्षणासाठी आशाताईंबरोबर त्याच्या वाडीत गेले. गाडी सड्यापर्यंत जाते, पुढं अर्धा तास पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची. त्याच्या पडवीत बसले आणि वर बघितलं तर खुंटीला जुन्या लुंगीत गुंडाळलेला मृदंग. हा माणूस गावाच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवतो. त्याआधी त्याचे वडील वाजवायचे. शिमगा चार महिन्यांवर होता. त्यानं मृदंग काढला आणि मला वाजवून दाखवला. पहिलं बोट अजून पुरतं वळत नव्हतं, एक बोल चुकत होता. तो तिथंच थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचा. त्याच्या बायकोनं समोर अमृतकोकम आणून ठेवलं, पण मला ते बराच वेळ उचलता आलं नाही.

दवाखान्यात मी त्याचा जीव म्हणजे नाडी, रक्तदाब आणि गोठणारं रक्त एवढाच धरला होता. तो जीव कशासाठी हवाय, हे मला पाखाडी उतरून त्याच्या पडवीत बसेपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेले की आधी घर बघते. शिंक्यात काय आहे, अंगणात काय वाळत घातलंय, खुंटीला काय टांगलंय. आणि खरं सांगते, त्यानंतर मला स्वतःचंही जगणं जास्त आवडायला लागलं. सकाळी पेज खाताना, फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहताना आपण धडधाकट आहोत हे जाणवतं, आणि त्याचा आनंद होतो.

इथं वैद्यकीय कामात असलेले, कामासाठी फिरणारे बरेच जण आहेत. तुमचं असं कधी झालंय का? प्रवासानं रुग्ण वेगळा दिसायला लागला, असं?

---

सावित्रीकाठ | सोमवार, सकाळी ६:१०

बाळा, वाचून डोळे भरून आले. मी निवृत्त आरोग्यसेविका. १९८२ साली महाड तालुक्यातल्या उपकेंद्रात रुजू झाले. तुझं फुरसं, तसा आमच्याकडे लाल विंचू. आत्ताच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा विंचवानं मुलं जायची. विष अंगात भिनलं की घाम फुटायचा, हातपाय बर्फासारखे गार, छाती धडधडायची आणि मग फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस. आम्ही बघत बसायचो. मांत्रिकही बघत बसायचा.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९७६ पासून ते बिरवाडीच्या केंद्रात होते. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरली. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या तिनं सैल पडतात आणि हृदयावरचा भार उतरतो. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वाडीत आम्ही म्हाताऱ्या बायकांनी पेढे वाटले.

मला सांगायचं आहे ते गोळीनंतरचं. दर तीन तासांनी गोळी द्यायची आणि हातपाय बघत राहायचे. पोर बरं होतंय हे कशावरून ओळखायचं, तर पाऊल गरम झालं यावरून. मी एका धनगरवाड्यावर चालत गेले होते, पावसात, सहा वर्षांच्या मुलीसाठी. तिला खाली आणायला वेळ लागणार होता म्हणून पहिली गोळी वरच दिली आणि डोलीतून उतरवताना सबंध वाट तिचं पाऊल माझ्या हातात धरून होते. उतरताना गार होतं. दवाखान्यात पोचलो तरी गार. दुसऱ्या गोळीनंतर पहाटे कधीतरी अंगठा कोमट लागला. आधी वाटलं, माझ्याच हाताची ऊब असेल. मग टाच कोमट झाली.

आज इतकी वर्षं झाली, पण नातवंडं झोपली की मी त्यांच्या पायांना हात लावून बघते. गरम पाय हातात आला की मला बरं वाटतं.

---

दर्यावर्दी | सोमवार, दुपारी १:४०

मी रत्नागिरीचा, मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. माझा अनुभव थोडा उलटा आहे.

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. नियमानुसार शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि सफर तीन दिवसांहून मोठी असेल तरच डॉक्टर लागतो. आम्ही बावीस जण. औषधांच्या कपाटाची किल्ली सेकंड ऑफिसरकडे, म्हणजे माझ्याकडे. थोडं प्रशिक्षण झालेलं असतं, बाकी पुस्तक.

दक्षिण हिंदी महासागरात आमच्या कुकच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीशी, मग उजवीकडे खाली. ताप. सगळ्यात जवळचं बंदर मॉरिशसचं पोर्ट लुई, तेही चार दिवसांवर. मी रोमला संपर्क केला. तिथं १९३५ पासून एक केंद्र समुद्रावरच्या कुठल्याही जहाजाला फुकट वैद्यकीय सल्ला देतं. कधीही न पाहिलेला डॉक्टर तिकडून विचारतोय: पोट दाबल्यावर दुखतं की हात काढल्यावर जास्त दुखतं? खोकल्यावर? आणि इकडे मी, माझे हात त्या माणसाच्या पोटावर. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन, अँटिबायोटिकची इंजेक्शनं, दर चार तासांनी नाडी आणि ताप कळवायचा. कॅप्टननं जहाजाचं तोंड फिरवलं.

चार दिवस मी त्याच्या केबिनमध्येच होतो. चौथ्या दिवशी लाँच आली, त्याला उतरवलं आणि आम्ही पुढे निघालो. ऑपरेशन झालं, वाचला, हे नंतर कळलं.

पण सड्यावरचीताई, मला त्याची पडवी कधीच बघायला मिळाली नाही. जहाजावरून माणूस उतरला की गोष्ट तिथंच अर्धी राहते. वर्षभरानं एक फोटो आला. लहान मुलगी खांद्यावर, मागं केळीची झाडं. मुलगी आहे हे मला माहीतच नव्हतं. ते चार दिवस मला त्याच्या नाडीचा दर आकडा माहीत होता आणि एवढं माहीत नव्हतं. आता नवा माणूस जहाजावर चढला की पहिल्या आठवड्यातच घरचं विचारून घेतो. दुखायला लागल्यावर विचारायला उशीर झालेला असतो.

---

लाल_माती | सोमवार, रात्री ९:०५

सगळ्यांचं वाचलं. कुणाचं मन दुखवायचं नाही, पण मला हे वाचताना त्रास झाला.

प्रवासानं जगणं कळतं हे ज्याला प्रवास निवडता येतो त्यानं बोलावं. आमच्या वाडीतून दवाखान्याचा प्रवास कुणी निवडत नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोला आठव्या महिन्यात रात्री अंगावरून जायला लागलं. गाडी मिळायला तास गेला. पहिल्या दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. जुलैचा पाऊस, रस्ता खणून ठेवलेला. बायको वाचली. मुलगा नाही वाचला. त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण मला पाठ आहे, आणि त्यातल्या एकाही वळणानं मला जगण्याविषयी काही शिकवलं नाही. तो रस्ता चांगला असता तर आज मुलगा पहिलीत असता.

डॉक्टर, तुम्ही पाखाडी उतरून गेलात, चांगलं केलंत. पण पाखाडी सुंदर वाटून घेऊ नका.

---

सड्यावरची | सोमवार, रात्री ११:५०

दादा, दोन तास तुमच्या प्रतिसादासमोर बसून आहे. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी लिहिताना पाखाडीचा माझ्या बाजूचा अर्थ लिहिला. ती मी उतरले होते, दिवसा, मोकळ्या हातांनी. तीच पाखाडी वेणा देणारी बाई रात्री चढून येते हे मला लिहायला हवं होतं.

आम्हाला प्रसूतीतल्या मृत्यूंबद्दल शिकवताना तीन उशीर शिकवतात. घरात निर्णय घ्यायला होणारा, दवाखान्यात पोचायला होणारा आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला होणारा. परीक्षेत मी ते लिहून गुण मिळवले. इथं आल्यावर कळलं की दुसरा उशीर म्हणजे भरती, खड्डे, बंद फेरीबोट आणि रात्री फोन न उचलणारा गाडीवाला. तुमच्या बाबतीत तिसराही झाला, आणि तो आमच्या बाजूचा होता. त्याला रस्ता कारण नाही. तुमच्या बायकोला पाठवताना पुढच्या ठिकाणी कुणी फोन केला होता का, रक्ताची सोय विचारली होती का, मला माहीत नाही. मी आता पाठवते तेव्हा रुग्ण गाडीत चढायच्या आधी फोन करते. हे मला कुणा पुस्तकानं नाही, एका आशाताईंनी रागावून शिकवलं.

मुलाबद्दल काय लिहू. नाव ठेवलं होतंत का?

---

दोडामार्गचो | मंगळवार, सकाळी ७:३०

लाल_माती, तुमचा दुःख वाचून गप्प बसलंय. तरी माझा एक सांगतंय.

आमच्याकडे २०१६ पासून माकडताप इलो. मूळचो तो कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातलो, १९५७ चो. माकडा मरतत, त्यांच्या अंगावरचे गोचडी रानात पडतत आणि काजू गोळा करणाऱ्या माणसांका चावतत. ऐन काजूच्या हंगामात माझे बाबा तापान पडले. आधी मलेरिया समाजलो. रक्ताचे नमुने पुण्याक जायचे. बाबांका गोव्याक न्हेला, अठरा दिवस थंय होतो.

(बाकीच्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण भाषेत लिहितो.) बाबा वाचले. घरी आल्यावर बागेत जायला घाबरायचे. तेव्हा केंद्रातली एक मुलगी, आमच्या पोरांच्या वयाची, अंगाला लावायचं तेल घेऊन घरी आली. बाबांशी गोचडीवर बोललीच नाही. म्हणाली, आजोबा, मला तुमची बाग दाखवा. बाबा तिला घेऊन गेले. पायांना, हातांना तेल लावून, लांब बाह्यांचा सदरा घालून. कुठलं कलम कधी लावलं ते सांगत बसले. आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, हेही तिनंच समोर उभं राहून करून घेतलं. त्या दिवसानंतर बाबा रोज जायला लागले.

गोव्याच्या डॉक्टरांनी बाबांना वाचवलं. पण त्यांना बागेत परत नेलं ते त्या मुलीनं. ती घरापर्यंत आली म्हणून.

---

परळची_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३:१५

माहेर मुरुड-जंजिऱ्याजवळ, नोकरी मुंबईत, कॅन्सरच्या वॉर्डात. आमच्याकडे कोकणातून येणारे खूप. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतात, केमोच्या तारखा घेऊन येतात-जातात. आम्ही त्यांना बेडच्या नंबरानं ओळखतो. नाइलाज असतो, कामच तेवढं.

मी गणपतीला गावी गेले होते तेव्हा एसटीत शेजारी एक बाई भेटल्या. त्यांनी मला ओळखलं. "तुम्ही माझी शीर लगेच शोधायचात." मला आठवेना. त्या माझ्या पुढच्या फाट्यावर उतरणार होत्या. तीन तास गप्पा झाल्या. केमो चालू असतानाही दरवर्षीप्रमाणे गौरीच्या ओवशाची सुपं भरली, तांदळाच्या पिठाला हात लावला की मुंग्या यायच्या, सुनेनं लाट्या केल्या आणि यांनी फक्त मोदकाच्या पाऱ्या काढल्या. बोटांना येणाऱ्या त्या मुंग्या म्हणजे औषधाचा नसांवरचा परिणाम. वॉर्डात विचारलं असतं तर त्या "बरं आहे" म्हणाल्या असत्या. तेव्हापासून मी "हातापायांना मुंग्या येतात का?" असं विचारत नाही. "घरी काय करता? ते करताना हात कसे चालतात?" असं विचारते. कोणी सुपारी कातरण्याचं सांगतं, कोणी जाळं विणण्याचं. उत्तरं खरी मिळतात आणि डॉक्टरांना मी वेळेवर सांगू शकते.

---

खाडीपल्याड | मंगळवार, सायंकाळी ६:००

डॉक्टर, एक कामाचा प्रश्न. आमच्या वाडीतही सड्यावर फुरशी फार. चावल्यावर आम्ही नेमकं काय करायचं? आणि हे प्रतिविष येतं कुठून?

---

सड्यावरची | मंगळवार, रात्री ९:२०

आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हात किंवा पाय हलू नये म्हणून फळकुट लावून सैल बांधा. माणसाला चालवू नका. साप मारून आणायच्या मागं लागू नका, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. १०८ ला फोन करा, पण गाडी दारात असेल तर वाट बघू नका. आणि निघतानाच केंद्रात फोन करा, म्हणजे आम्ही तयार राहतो. लहान मुलालाही मोठ्याइतकंच प्रतिविष लागतं, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांची १९७८ पासूनची सहकारी संस्था पुरवते. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. ते विष थोडं थोडं घोड्यांना टोचतात आणि घोड्याच्या रक्तात जे तयार होतं ते कुपीत येतं. आमच्या मृदंगवाल्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "घोडा बरा असतो ना?" मी हो म्हणाले. मग ते पूर्वेकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले.

शिमग्याला गेले होते मी. बोल चुकला नाही.

---

लाल_माती | बुधवार, पहाटे ५:४०

नाव ठेवलं नव्हतं. बायकोनं मनात ठेवलं होतं, मला काल रात्री सांगितलं. हा धागा तिला वाचून दाखवला तेव्हा. सहा वर्षांत आम्ही दोघं त्या रात्रीबद्दल पहिल्यांदा बोललो.

तिचं एक म्हणणं आहे. ती म्हणते, त्या रात्री गाडीत तिच्या शेजारी वाडीतली एक काकी होती, जिला मी पूर्ण विसरलो होतो. काकी सबंध रस्ता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक वळणाचं नाव सांगत होती. आता चिरेखाण आली, आता पिंपळाचा पार, आता पूल. म्हणजे किती राहिलं ते तिला कळत होतं. मला रस्ता पाठ आहे तो माझ्यामुळे, असं मला वाटत होतं.

वाडीत सात चारचाक्या आहेत. आज देवळात बैठक घेतोय. रात्रीसाठी पाळी लावायची, कुणाची गाडी कुठल्या दिवशी, आणि नंबर फळ्यावर. डॉक्टर, जायच्या आधी एवढं सांगा, गाडीत काय काय ठेवायचं?

---

सड्यावरची | बुधवार, सकाळी ८:०५

चांगली बॅटरी, सेल वेगळे. दोन स्वच्छ धुतलेल्या चादरी, प्लास्टिकचा कागद, पिण्याचं पाणी, हातमोजे. फळकुट आणि पट्ट्या. केंद्राचा, १०८ चा आणि पुढच्या रुग्णालयाचा नंबर जाड अक्षरात लिहून समोर चिकटवलेला. टाकीत नेहमी निम्म्याच्या वर डिझेल. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर निजवायची, तिचं माताबाल कार्ड सोबत, रक्त देऊ शकतील असे दोघं मागच्या गाडीत.

आणि काकींना विचारा, त्या येतील का. नाही जमलं तर वळणांची नावं त्यांच्याकडून लिहून घ्या.

बैठक किती वाजता आहे? सकाळची ओपीडी संपली की मी येते.